शोषण (विज्ञान)

हा लेख निसर्गविज्ञानातील शोषण या क्रियेविषयी आहे. आर्थिक व सामाजिक शोषण हा स्वतंत्र विषय आहे.

एका पदार्थाने दुसरा पदार्थ किंवा ऊर्जा आपल्या अंतर्भागात सामावून घेणे, या क्रियेला शोषण म्हणतात. काळा कपडा उन्हात तापतो, सोड्याच्या बाटलीत वायू पाण्यात दाबून विरघळवलेला असतो, जेवणातील साखर आतड्यातून रक्तात जाते. या तिन्ही घटनांना शास्त्रात शोषण असेच नाव आहे. त्यांच्यामागील यंत्रणा मात्र एक नाही. भौतिकीत मुख्यतः ऊर्जेचे शोषण अभिप्रेत असते, रसायनशास्त्रात पदार्थाचे, तर जीवशास्त्रात सजीवाने आपल्या पेशींच्या आवरणांतून आत घेतलेल्या पदार्थाचे. तिन्ही ठिकाणी समान असलेली गोष्ट एवढीच की, शोषलेली वस्तू नाहीशी होत नाही. ती कोठे गेली आणि तिचे काय झाले, हे सांगता आले तरच शोषणाचे स्पष्टीकरण पूर्ण होते.

‘शोषण’ हा शब्द ‘शुष्’ म्हणजे वाळणे या संस्कृत धातूवरून आला आहे. मुळात तो ज्याच्यातून काही काढून घेतले जाते त्याच्या कोरडे पडण्याकडे बोट दाखवतो. विज्ञानात मात्र लक्ष घेणाऱ्याकडे असते.

शोषण आणि अधिशोषण

शोषणात शोषला जाणारा पदार्थ शोषकाच्या संपूर्ण आकारमानात पसरतो. तो केवळ पृष्ठभागाला चिकटून राहिला, तर त्या क्रियेला अधिशोषण किंवा पृष्ठशोषण म्हणतात. हा भेद स्वतंत्र संज्ञेने दाखवण्याची प्रथा जर्मन भौतिकीविज्ञ हाइनरिख कायझर यांच्यापासून, म्हणजे १८८१ पासून पडली. पाण्यात विरघळलेला कार्बन डाय-ऑक्साइड हे शोषणाचे उदाहरण होय. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातील सक्रियित कोळसा रंग व वास काढून घेतो, ते अधिशोषण. अशा कोळशाच्या एका ग्रॅममधील सूक्ष्म छिद्रांच्या भिंतींचे एकूण क्षेत्रफळ हजार चौरस मीटरच्या आसपास असू शकते, म्हणून थोडा कोळसाही बरेच काम करतो. नव्या बुटांच्या खोक्यात सापडणारी सिलिका जेलची पुडी आणि घरगुती ऑक्सिजन काँसंट्रेटरमध्ये हवेतील नायट्रोजन धरून ठेवणारे झिओलाइटचे खडे हीदेखील अधिशोषणाचीच उदाहरणे आहेत. बोलण्यात या सर्वांना सरसकट ‘शोषून घेणे’ म्हटले जाते व त्यात व्यवहारात काही बिघडत नाही. परंतु अधिशोषकाची क्षमता त्याच्या पृष्ठभागावर आणि शोषकाची त्याच्या आकारमानावर अवलंबून असल्यामुळे, संयंत्र बांधताना हा भेद विसरून चालत नाही.

भौतिकीतील शोषण

प्रकाश पदार्थावर पडला की, त्याचा काही भाग परावर्तित होतो, काही विखुरतो, काही आरपार जातो आणि उरलेला शोषला जातो. शोषलेल्या प्रकाशाची ऊर्जा अणू वा रेणूंना मिळते. अणूमधील इलेक्ट्रॉन ठरावीक ऊर्जापातळ्यांवरच राहू शकत असल्याने दोन पातळ्यांमधील फरकाइतकीच ऊर्जा असलेला प्रकाशकण तेथे शोषला जातो. म्हणून शोषण निवडक असते. योझेफ फ्राउनहोफर यांना १८१४ मध्ये सूर्याच्या वर्णपटात शेकडो काळ्या रेषा दिसल्या. या रेषा म्हणजे सूर्याच्या बाह्य थरातील मूलद्रव्यांनी शोषून घेतलेल्या तरंगलांब्या होत, हे गुस्टाफ किर्खहोफ यांनी १८५९ मध्ये दाखवले. सूर्यावर सोडियम आहे हे तेथे न जाता कळले, ते या गाळलेल्या रंगांमुळे.

एखाद्या द्रावणाच्या एक सेंटिमीटर जाडीच्या थरातून एका रंगाचा निम्मा प्रकाश पार जात असेल, तर दोन सेंटिमीटरमधून त्याचा चौथा हिस्सा आणि तीन सेंटिमीटरमधून आठवा हिस्सा पार जातो. प्रत्येक थर त्याच्यापर्यंत पोहोचलेल्या प्रकाशाचा ठरावीक अंश शोषतो, ठरावीक प्रमाण नव्हे. हा नियम प्येर बूगे (१७२९) व योहान लाम्बेर्ट (१७६०) यांनी मांडला. शोषण द्रावणाच्या संहतीवरही अवलंबून असते, ही भर ऑगुस्ट बेअर यांनी १८५२ मध्ये घातली. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत द्रावणाचा रंग मोजून त्यातील साखरेचे प्रमाण काढतात, ते याच नियमाच्या आधारे. पेलाभर पाणी रंगहीन दिसते, पण पाणी तांबडा प्रकाश किंचित शोषते आणि काही मीटर खोलीनंतर हा किंचितपणा साचत जातो; खोल समुद्रात पाणबुड्यांना तांबड्या वस्तू काळपट दिसतात.

बोटाला लावायच्या पल्स ऑक्सिमीटरमध्ये दोन प्रकाश वापरलेले असतात. सुमारे ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश ऑक्सिजनयुक्त हीमोग्लोबिन कमी शोषते व ऑक्सिजनरहित हीमोग्लोबिन अधिक. सुमारे ९४० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशाबाबत याच्या उलट घडते. त्वचा, हाड व स्थिर रक्तही प्रकाश शोषतात, पण नाडीच्या ठोक्याबरोबर बदलणारा भाग तेवढा वेगळा काढला की रोहिणीतील रक्ताची माहिती मिळते. ही युक्ती जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास शोधली. त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्यही प्रकाश शोषत असल्यामुळे गडद वर्णाच्या रुग्णांमध्ये हे यंत्र कधी कधी प्रत्यक्षापेक्षा अधिक ऑक्सिजन दाखवते. कोविड-१९ च्या साथीत या आकड्यावरून रुग्णाला ऑक्सिजन द्यायचा की नाही हे ठरत होते, त्यामुळे ही त्रुटी किरकोळ मानता येत नाही.

वातावरणातील नायट्रोजन व ऑक्सिजन पृथ्वीने उत्सर्जित केलेले अवरक्त प्रारण जवळजवळ शोषत नाहीत. पाण्याची वाफ व कार्बन डाय-ऑक्साइड शोषतात. अमेरिकेतील युनिस फूट यांनी १८५६ मध्ये काचेच्या नळ्यांत निरनिराळे वायू भरून त्या उन्हात ठेवल्या आणि कार्बन डाय-ऑक्साइडची नळी सर्वांत अधिक तापते असे नोंदवले. उन्हातील तापणे आणि पृथ्वीकडून येणाऱ्या अवरक्त प्रारणाचे शोषण यांतील फरक त्यांच्या उपकरणाने कळणे शक्य नव्हते. ते मोजमाप जॉन टिंडल यांनी १८५९ पासून केले. हवेत ०.०५ टक्क्यांहूनही कमी असलेला वायू हवामान बदलू शकतो, याचे कारण शोषणाच्या निवडकपणात आहे.

ध्वनीचेही शोषण होते. हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयातील व्याख्यानगृहात शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राहत व व्याख्यान समजत नसे. १८९५ मध्ये वॉलेस सॅबाइन यांनी शेजारच्या नाट्यगृहातील खुर्च्यांच्या गाद्या रात्री तेथे आणून मांडल्या व प्रत्येक वेळी घुमण्याचा काळ मोजला. उघडी खिडकी सर्व ध्वनी ‘शोषते’, कारण बाहेर गेलेला ध्वनी परत येत नाही. हेच त्यांचे मोजमापाचे एकक ठरले. गादीमध्ये मात्र ध्वनीचे रूपांतर घर्षणाने उष्णतेत होते. अणुभट्टीत कॅडमियम व बोरॉन न्यूट्रॉन शोषून शृंखला प्रक्रिया आवरतात, म्हणून नियंत्रक दांड्यांत त्यांचा वापर करतात.

रसायनशास्त्रातील शोषण

वायू द्रवात केवळ विरघळत असेल, तर ते भौतिक शोषण. स्थिर तापमानाला विरघळलेल्या वायूचे प्रमाण त्या वायूच्या दाबाच्या सम प्रमाणात असते, हा विल्यम हेन्री यांचा १८०३ मधील नियम होय. तापमान वाढले की बहुतेक वायूंची पाण्यातील विद्राव्यता घटते. उन्हाळ्यात उथळ तळ्यातील मासे गुदमरतात, त्याचे हे एक कारण. वायूची द्रवाशी विक्रिया होत असेल, तर ते रासायनिक शोषण. चुन्याची निवळी हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून दुधट होते, हे शाळेतील परिचित उदाहरण आहे.

सल्फ्यूरिक अम्लाच्या कारखान्यात सल्फर ट्रायऑक्साइड थेट पाण्यात शोषला जात नाही. कागदावर ही विक्रिया सोपी दिसते, परंतु प्रत्यक्षात अम्लाचे दाट धुके तयार होते व ते द्रवात उतरत नाही. म्हणून हा वायू सुमारे ९८ टक्के सल्फ्यूरिक अम्लात शोषून घेतात व नंतर योग्य तेवढे पाणी मिसळतात.

वीजकेंद्रांच्या धुरातील कार्बन डाय-ऑक्साइड वेगळा करण्यासाठी उंच मनोऱ्यात वरून अमाइनचे द्रावण व खालून धूर सोडतात. द्रावण थंड असताना वायू धरून ठेवते आणि सुमारे १२० अंश सेल्सियसपर्यंत तापवले की सोडते. शोषण सहज होते, सोडवणे महाग पडते. कार्बन पकडण्याच्या तंत्राचा खर्च मुख्यतः या उष्णतेत आहे. महासागर हे काम विनामूल्य करतात असे म्हटले जाते, पण ते अर्धसत्य आहे. मानवी व्यवहारांतून बाहेर पडणाऱ्या कार्बन डाय-ऑक्साइडपैकी सुमारे पाव भाग महासागर शोषतात, त्याचे कार्बॉनिक अम्ल होते आणि पृष्ठजलाचा पीएच औद्योगिक काळापूर्वीच्या सुमारे ८.२ वरून ८.१ च्या आसपास आला आहे. हे मापक्रम लॉगरिथमी असल्यामुळे हा फरक आकड्यावरून वाटतो त्याहून मोठा आहे. प्रवाळ व शिंपले यांना कवच बांधणे त्यामुळे अवघड होते.

जीवशास्त्रातील शोषण

सजीवांमध्ये पदार्थ पेशीपटलातून आत जातात. काही पदार्थ केवळ विसरणाने, म्हणजे अधिक संहतीकडून कमी संहतीकडे जातात. काही पटलातील वाहक प्रथिनांच्या साहाय्याने. तर काही ऊर्जा खर्च करून उलट दिशेने आणले जातात. वनस्पतींची मूलरोमे जमिनीतील नायट्रेट, पोटॅश यांसारखी पोषकद्रव्ये मुख्यतः या शेवटच्या मार्गाने घेतात आणि त्यासाठी मुळांना श्वसन करावे लागते. पाणी साचलेल्या काळ्या जमिनीत पीक पिवळे पडते, ते पाणी व खत भरपूर असूनही मुळांना हवा न मिळाल्यामुळे. महाराष्ट्रातील शेतकरी माती, ओल व हवा यांच्या ज्या मेळाला ‘वाफसा’ म्हणतात, ती मुळांच्या शोषणाला अनुकूल अशी स्थिती होय.

मनुष्यात अन्नाचे बहुतेक शोषण लहान आतड्यात होते. त्याच्या आतील अस्तरावर घड्या, घड्यांवर बोटांसारखे उंचवटे आणि उंचवट्यांवरील पेशींवर त्याहून सूक्ष्म केसासारखे उंचवटे असतात. या पृष्ठभागाची तुलना पाठ्यपुस्तकांत टेनिसच्या मैदानाशी केली जाते. २०१४ मधील स्वीडिश मोजमापानुसार संपूर्ण पचनमार्गाचे क्षेत्रफळ सुमारे ३२ चौरस मीटर, म्हणजे त्याच्या बरेच आतच भरते. शर्करा व अमिनो अम्ले रक्तात जातात, तर मेदाचा मोठा भाग लसीकावाहिन्यांतून जातो. ब-१२ जीवनसत्त्व जठरातील एका विशिष्ट प्रथिनाशी जोडले गेले तरच लहान आतड्याच्या शेवटच्या भागात नीट शोषले जाते. लोह शोषण्यास लिंबू, आवळा यांतील क जीवनसत्त्व मदत करते व जेवणाबरोबरचा चहा अडथळा आणतो. म्हणून ताटात किती लोह होते आणि रक्तात किती पोहोचले, हे दोन भिन्न प्रश्न आहेत.

जलसंजीवनी

पटकीत (कॉलऱ्यात) जंतूंच्या विषामुळे आतड्यातील पेशी क्लोराइड व त्यामागोमाग पाणी बाहेर टाकत राहतात. रुग्णाने नुसते पाणी प्यायले तर ते पुरेसे शोषले जात नाही आणि मिठाचे पाणीही फारसे उपयोगी पडत नाही. मात्र आतड्याच्या पेशीवरील एक वाहक प्रथिन या विषाने बिघडत नाही. ते ग्लुकोजचा एक रेणू व सोडियमचे दोन आयन एकत्रच आत घेते. त्यांच्यामागून पाणी तर्षणाने येते. सोडियम व ग्लुकोज यांच्या या जोडवहनाची कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्राग येथे मांडली.

१९७१ मध्ये बांगलादेश मुक्तियुद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांत कॉलऱ्याची साथ पसरली. शिरेतून देण्याच्या सलाइनचा साठा अपुरा पडल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ व २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण पाण्यात कालवून पिण्यास दिले. ते पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांनीच केले. तत्पूर्वी सुमारे ३० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांत ३.६ टक्क्यांवर आले. महालनबीस यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

जलसंजीवनीत साखरेचे प्रमाण महत्त्वाचे असते. साखर फार कमी असेल तर सोडियम आत जात नाही आणि फार अधिक असेल तर तर्षणाने पाणी उलट आतड्यात ओढले जाऊन जुलाब वाढतात; शीतपेये किंवा दाट सरबत तिच्या जागी चालत नाहीत, ते यामुळे. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये हे द्रावण पूर्वीपेक्षा सौम्य केले. त्यात लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड व २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते. पाकिटावर सांगितले असेल तेवढ्याच पाण्यात पूर्ण पाकीट विरघळवावे लागते. पेल्यात थोडी थोडी पूड टाकल्यास हे प्रमाण राहत नाही.