शेवटचा भाग : वीज आणि सत्ता

१६ एप्रिल १९७५ रोजी बीबीसीवर ‘सर्व्हायव्हर्स’ ही मालिका सुरू झाली. प्रयोगशाळेतून निसटलेल्या रोगजंतूंमुळे जगातील बहुतेक माणसे मरतात आणि वाचलेली थोडी माणसे इंग्लंडच्या खेड्यांतून नव्याने जगू लागतात, असे तिचे कथानक. टेरी नेशन हे तिचे जनक. ८ जून १९७७ रोजी अडतिसाव्या भागाने ती संपली. त्या भागाचे नाव ‘पॉवर’. या इंग्रजी शब्दाचा अर्थ वीज असा होतो, तसाच सत्ता असाही होतो.

त्या वेळच्या ब्रिटिश प्रेक्षकांना अंधार नवा नव्हता. कोळसा कामगारांचे आंदोलन आणि तेलटंचाई यांमुळे जानेवारी ते मार्च १९७४ या काळात तेथील बहुतेक उद्योगांना आठवड्यातून तीनच दिवस वीज मिळत होती. मेणबत्तीच्या उजेडात कचेऱ्या चालवलेले लोक ही मालिका पाहत होते.

शेवटच्या भागात चार्ल्स, जेनी आणि त्यांचे सोबती एका अभियंत्याला घेऊन स्कॉटलंडला जातात. तेथील जलविद्युत केंद्र चालू करायचे असते. स्कॉटलंडच का? औष्णिक केंद्राला रोज कोळसा लागतो आणि तो खणायला हजारो हात लागतात. शिवाय कोळसा दळणारी यंत्रे, पंप आणि पंखे चालवण्यासाठी त्या केंद्रालाच आधी बाहेरून वीज द्यावी लागते! डोंगरावरच्या तलावातले पाणी मात्र माणसे असोत वा नसोत, पावसाने भरतच राहते. स्कॉटलंडमधील स्लॉय केंद्रात पाणी सुमारे २७७ मीटर खाली येते. म्हणजे एक घनमीटर पाण्यात जवळजवळ पाऊण युनिट ऊर्जा असते. झडपा उघडायला आणि जनित्रात चुंबकीय क्षेत्र निर्माण करायला बॅटरी किंवा छोटे डिझेल इंजिनही पुरते. म्हणूनच संपूर्ण जाळे बंद पडल्यावर पहिली सुरुवात पुष्कळदा जलविद्युत केंद्रापासून करतात.

पण बटण दाबले की काम संपले, असे नसते. विजेची मागणी वाढली की जनित्र जड होते, त्याची गती मंदावते आणि ५० हर्ट्झ वारंवारता घसरू लागते. तेव्हा लगेच जास्त पाणी सोडावे लागते. हे जाणणारा माणूस मेला, तर यंत्र शाबूत असूनही निरुपयोगी ठरते.

या भागात सॅम नावाचा माणूस वीज परत येऊच नये म्हणून धडपडतो. विजेमागून कारखाने येतील आणि त्यांच्यामागून जुने सारे दोष येतील, अशी त्याला भीती वाटते. त्याला वेडा म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण ज्या साथीने जग संपले ती प्रयोगशाळेतूनच आली होती, हे विसरून चालणार नाही. दुसरा प्रश्न हक्काचा. पाणी स्कॉटलंडचे, मग वीज आधी कोणाला? हा प्रश्न निव्वळ काल्पनिक नाही. १९४३ च्या कायद्याने उत्तर स्कॉटलंडसाठी जलविद्युत मंडळ स्थापन झाले, ते डोंगराळ भागातील घरांत दिवे लागावेत म्हणून. त्या खर्चाची तोंडमिळवणी दक्षिणेकडील शहरांना जादा वीज विकून करायची होती.

मालिकेच्या शेवटी वीज येते. ती कोणाच्या हाती राहील, हे मात्र प्रेक्षकांनी ठरवायचे असते.

वर्गात सायकलचा डायनॅमो हाताने फिरवायला द्यावा. आधी दिवा न जोडता, मग जोडून. हाताला जाणवणारा फरक मुलांनी स्वतः सांगावा. मग विचारावे : गावात एकच जनित्र उरले, तर पहिला दिवा कोठे लावाल आणि ते कोणी ठरवायचे? पहिल्या प्रश्नाला दवाखाना, पाण्याचा पंप, शाळा अशी उत्तरे भराभर येतील. दुसऱ्यापाशी वर्ग थांबेल. त्याला वेळ द्यावा, असे आम्हांला वाटते.