गुडघ्याजवळचं मोडलेलं हाड आणि छोट्या चिऱ्याचा मोठा इतिहास

मांडीचं हाड गुडघ्याजवळ मोडलं किंवा नडगीचं हाड वरच्या टोकाला चेचलं, की नातेवाईकांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. खर्च किती आणि चिरा केवढा? हल्ली दुसऱ्या प्रश्नाला जाहिरातींनी चांगलंच बळ दिलंय. "बिनटाक्याचं ऑपरेशन", "दुर्बिणीतून हाडजोडणी" असे फलक तालुक्याच्या गावांतही लागतात. मी डॉक्टर नाही, पण वैद्यकाच्या इतिहासाचा जुना नाद आहे. हा इतिहास वाचताना एक गोष्ट पक्की झाली. ज्यांनी ही पद्धत घडवली त्यांना कातडीवरच्या व्रणाची फारशी फिकीर नव्हती. त्यांना मोडलेल्या हाडाचा रक्तपुरवठा वाचवायचा होता. चिरा लहान झाला तो त्या ओघात.

आधी गुडघ्याचं दुखणं समजून घेऊ. हात किंवा नडगी मधोमध मोडली तर हाड सरळ रेषेत जुळलं की बरंचसं काम होतं. गुडघ्याजवळ तसं नसतं. तिथे मोडलेली रेघ अनेकदा सांध्याच्या आतपर्यंत जाते. वरची गुळगुळीत कूर्चा खचते, तुकडे खाली दबतात. पृष्ठभाग ओबडधोबड राहिला तर पुढे संधिवात ठरलेलाच. सरळ करायच्या नादात सांधा फार दिवस बांधून ठेवला तर तो आखडतो. म्हणजे हाड जुळलं पाहिजे आणि गुडघा हललाही पाहिजे. या दोन गोष्टींची ओढाताण हाच या सगळ्या इतिहासाचा गाभा आहे.

१८५१ मध्ये डच लष्करी डॉक्टर अँटोनियस मॅथिसेन यांनी प्लास्टर ऑफ पॅरिस लावलेली पट्टी वापरात आणली. ती ओली करून गुंडाळली की थोड्याच वेळात कडक व्हायची. पुढची शंभर वर्षं जगभर हेच चाललं. प्लास्टर घाला, किंवा पायाला वजन लटकवून खाटेवर निजवून ठेवा. हाड बहुतेक वेळा जुळायचं. गुडघा मात्र लाकडासारखा व्हायचा.

आमच्या नात्यात असे एक काका होते. बैलगाडीवरून पडले, तीन महिने प्लास्टरमध्ये राहिले. हाड जुळलं, पण गुडघा जेमतेम निम्मा वाकायचा. चालायचे व्यवस्थित. पण पंगतीत त्यांचा पाय कायम समोर पसरलेला, आणि वाढपी त्याला वळसा घालून जायचे. पुढे त्यांनी लग्नकार्याला जाणंच सोडलं. कागदोपत्री ते "बरे झालेले" रुग्ण होते.

हे मुद्दाम सांगतोय. सपाट जमिनीवर चालायला गुडघा ६०-७० अंश वाकला तरी भागतं. खुर्चीतून सहज उठायला ९० च्या आसपास लागतात. पण उकिडवं बसायला १३० च्याही पुढे जावं लागतं. भांगलण करणारी बाई, भारतीय पद्धतीचा संडास, पाटावरचं जेवण, मशिदीतला नमाज, देवासमोरचा साष्टांग नमस्कार, सगळं या शेवटच्या चाळीस अंशांत आहे. खुर्ची-टेबलाच्या देशात ज्याला चांगला निकाल म्हणतात, तो आपल्या शेतमजुराला पुरत नाही.

प्लास्टरच्या या शंभर वर्षांना मोठा धक्का दिला स्वित्झर्लंडने. ६ नोव्हेंबर १९५८ रोजी बील या गावात काही स्विस सर्जन एकत्र आले आणि "एओ" नावाचा अभ्यासगट स्थापन झाला. मॉरिस म्युलर, मार्टिन आल्गॉवर, हान्स विलेनेगर ही त्यातली ठळक नावं. म्युलर यांनी त्याआधी ब्रुसेल्सला जाऊन रॉबर्ट डॅनिस या बेल्जियन सर्जनचं काम पाहिलं होतं. डॅनिस हाडाचे तुकडे पट्टीने घट्ट आवळून बसवायचे आणि रुग्णाला लवकर हालचाल करू द्यायचे. एओने यातून चार सूत्रं मांडली: तुकडे अचूक जुळवा, पक्के बसवा, रक्तपुरवठा जपा आणि सांधा लवकर हलवा.

सूत्रं चारही महत्त्वाची होती. पण व्यवहारात पहिली दोन बाकीच्यांवर स्वार झाली. एक्स-रे देखणा दिसला पाहिजे म्हणून लांबच लांब चिरा घ्यायचा, स्नायू बाजूला सारायचे, हाडावरचं आवरण खरवडायचं आणि एकेक तुकडा हातात घेऊन जुळवायचा. साध्या मोडीत हे छान चालायचं. चक्काचूर झालेल्या हाडात मात्र घात व्हायचा. कारण त्या तुकड्यांना रक्त पोचतं ते आजूबाजूच्या मांसातून आणि त्याच आवरणातून. तेच सोडवलं की तुकडा निर्जीव. मग हाड जुळत नाही, पट्टी तुटते, पू होतो. नडगीच्या वरच्या टोकाला तर हाडावर जेमतेम कातडीच असते. सुजलेल्या पायावर तिथे मोठा चिरा घेतला तर जखम उघडी पडून धातू दिसू लागल्याची उदाहरणं त्या काळात कमी नव्हती.

मग विचार फिरला. १९८९ मध्ये जेफ्री मास्ट, रोलँड याकोब आणि राइनहोल्ड गांझ यांचं पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: चक्काचूर झालेल्या भागाला हातच लावू नका. पाय ताणून लांबी आणि रेष नीट करा, तुकडे आपोआप जवळ येतात. पुढे जर्मनीत हॅनोव्हरला ख्रिश्चन क्रेटेक आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात पट्टी स्नायूखालून सरकवण्याची पद्धत नीट बसवली. त्यांच्या गटाने मृतदेहांवर अभ्यासही केला. रक्तवाहिन्यांत रंग सोडून पाहिलं, तर जुन्या पद्धतीत हाडाकडे जाणाऱ्या बारीक वाहिन्या तुटत होत्या आणि सरकवलेल्या पट्टीखाली शाबूत राहत होत्या. नुसत्या मताला असा डोळ्यांना दिसणारा पुरावा मिळाला.

प्रत्यक्षात होतं काय? सांध्याजवळ एक लहान चिरा घेतात. त्यातून लांब पट्टी स्नायू आणि हाड यांच्यामधून पुढे सरकवतात. बाकीचे स्क्रू बोटाच्या पेराएवढ्या छेदांतून जातात. पट्टीला बाहेरून जोडलेला साचा असतो, तो भोकाची नेमकी जागा दाखवतो. स्क्रूचं डोकं पट्टीतच आटे घालून बसतं, त्यामुळे पट्टी हाडावर दाबून धरावी लागत नाही आणि खालचं आवरण चेपत नाही. हे सगळं चालतं सी-आर्मच्या पडद्यावर बघत. सी-आर्म म्हणजे ऑपरेशन चालू असताना हलतं चित्र दाखवणारं एक्स-रे यंत्र. ते नसेल तर ही शस्त्रक्रिया म्हणजे अंधारात सुईत दोरा ओवणं.

दुर्बिणीची गोष्ट वेगळ्या वाटेने आली. १९१८ मध्ये टोकियोत केंजी ताकागी यांनी मूत्राशय तपासायची दुर्बीण मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी तिला कामाचं हत्यार बनवलं. आज नडगीच्या वरच्या टोकाची निवडक मोड याच दुर्बिणीतून बघत उचलतात. निवडक हा शब्द महत्त्वाचा. टोरंटोच्या जोसेफ शॅट्झकर यांनी १९७९ मध्ये या मोडीचे सहा प्रकार पाडले. साधी चीर किंवा खचलेला कोपरा असेल तर लहान छेद पुरतो. पाचव्या-सहाव्या प्रकारात, जिथे दोन्ही बाजू फुटलेल्या असतात, तिथे सांधा जुळवायला अनेकदा उघडावंच लागतं. लहान छेदाच्या हट्टापायी सांध्यात पायरी राहिली तर ते रुग्णाचं नुकसानच. शिवाय उघडून न पाहिल्यामुळे पाय थोडा फिरलेला किंवा वाकडा जुळण्याचा धोका या पद्धतीत जास्त असतो. म्हणून टेबलावरच दोन्ही पाय पडताळून बघावे लागतात.

आपल्या मातीतला एक दुवाही सांगायला हवा. सैबेरियातल्या कुर्गानमध्ये गावरील इलिझारोव्ह यांनी १९५० च्या दशकात तारा आणि कड्यांची चौकट घडवली. कातडी इतकी खराब असते की चिरा घेणंच धोक्याचं, तिथे ही चौकट गुडघ्याजवळची हाडं बाहेरून धरून ठेवते. भारतात ती रुजवण्यात मोठा वाटा मिरजेच्या डॉ. जी. एस. कुलकर्णींचा. म्हणजे हे ज्ञान फक्त मुंबई-दिल्लीतून झिरपत आलेलं नाही. मिरजेसारख्या गावातही ते वाढलं.

आता सार्वजनिक मुद्दा. २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातली. चांगलं झालं. पण त्या आदेशात मोडलेलं हाड जोडायच्या पट्ट्या आणि स्क्रू नव्हते. कृत्रिम गुडघा बहुतेक वेळा उतारवयात लागतो. मोटारसायकलवरून पडून गुडघा फुटतो तो बरेचदा कमावत्या माणसाचा. महात्मा फुले योजना आहे, तिचा उपयोगही होतो. पण योजना बिल भरते. यंत्र चालवणारा तंत्रज्ञ आणि रोज गुडघा हलवून घेणारा फिजिओथेरपिस्ट काही कार्डातून बाहेर पडत नाही.

म्हणून रुग्णाच्या नातेवाईकांनी चिरा केवढा हे शेवटी विचारावं. आधी विचारावं: सांध्याचा पृष्ठभाग किती खचलाय, सीटी स्कॅन पाहिला का? सूज उतरेपर्यंत थांबायचंय का? (कातडीला सुरकुत्या दिसेपर्यंत थांबणं हा हलगर्जीपणा नव्हे, शहाणपण आहे.) गुडघा कितव्या दिवशी हलवायचा आणि कोण हलवून घेणार? एक धोका मात्र थांबू देत नाही. पोटरी दगडासारखी टणक झाली, बोटं नुसती हलवली तरी असह्य कळ येतेय, बधिरपणा वाढतोय, तर त्याच क्षणी दवाखाना गाठा. तेव्हा घट्ट पट्टी बांधून घरी ठेवणं म्हणजे पाय गमावण्याची तयारी.

आणि आपण नागरिकांनी विचारायचं ते हे: आपल्या उपजिल्हा रुग्णालयात सी-आर्म आहे का, आणि असेल तर चालू आहे का? फिजिओथेरपीची जागा भरलीय का? उद्घाटनाची फीत कापायला येणाऱ्यांना हे दोन प्रश्न जाहीरपणे विचारा. जे उत्तर मिळेल ते तालुक्याच्या नावासकट खाली कमेंटमध्ये लिहा. यादी करू, आणि ती घेऊन पुढे जाऊ.