पळवणकर बाळूचा हात

आमच्या घरात पळवणकर बाळूचं नाव एकदाच निघालं. बाप म्हणाला, "तो १९३७ ला बाबासाहेबांच्या विरोधात उभा होता." संपलं. तो क्रिकेटवाला होता, हे मला फार नंतर कळलं.

करमाडला स्टेशनच्या अंगाला आम्ही पोरं रबरी चेंडूनं खेळायचो. गावातली पोरं आम्हाला बोलवायची ती बॉलिंगपुरती. आमची बॅटिंग आली की त्यांना घरची आठवण यायची. म्हणून बाळूचं वाचलं तेव्हा अंगावर काटा आला.

बाळू १८७६ चा, धारवाडला जन्मलेला, चांभाराच्या घरचा. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात तो खेळपट्टी झाडायचा, रोलर ओढायचा, जाळी बांधायचा. पगार महिना चार रुपये. पुढं साहेबांना सरावाला बॉल टाकायचं कामही त्याच्याच गळ्यात आलं. ग्रेग हा त्यातला मोठा बॅट्समन. त्याला तासन्‌तास डावखुरी फिरकी टाकून बाळूचा हात तयार झाला. बॅट मात्र साहेबानं त्याच्या हातात दिली नाही. गुरू कोण नि शागीर्द कोण, ज्यानं त्यानं ठरवावं.

मग पुण्याच्या हिंदूंना गोऱ्यांना हरवायचं होतं. बाळू पाहिजे, बाळूची जात नको. तोडगा असा निघाला: मैदानात त्यानं हात लावलेला चेंडू सगळ्यांनी झेलायचा, आणि चहाच्या सुट्टीत त्याला बाहेर, मातीच्या बोळक्यात चहा. चेंडू विटाळत नाही, कप विटाळतो! आणि चेंडू कशाचा? कातड्याचा.

मुंबईत १९०६ ला हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळू होता. १९११ ला हिंदुस्थानची टीम इंग्लंडला गेली. टीम हरत राहिली, हा एकटा बळी काढत राहिला. ११४ बळी, सरासरी १९ च्या आत. परत आल्यावर मुंबईच्या अस्पृश्यांनी त्याचा सत्कार केला. तरुण बाबासाहेबांनाही त्याचा अभिमान होता.

आणि कॅप्टनपद? त्याच्याहून हलके गडी कॅप्टन झाले, तो नाही. १९२० ला त्याला टीममधूनच वगळलं तेव्हा धाकटे भाऊ विठ्ठल आणि शिवराम बाहेर पडले. शेवटी १९२३ ला पळवणकर कॅप्टन झाला, पण तो विठ्ठल. बाळूचं वय तोवर ४७.

१९३२ च्या पुणे करारावर बाळूची सही आहे. १९३७ ला काँग्रेसनं त्याला मुंबईत बाबासाहेबांसमोर उभं केलं. पडला. त्यानं उभं राहायला नको होतं, हे मी आजही म्हणतो. पण ज्या समाजानं कॅप्टन म्हणून त्याला कधी पुढं केलं नाही, त्यानंच बाबासाहेबांना पाडायला पुढं केलं, हेही म्हणतो. एका निवडणुकीपायी आम्ही त्याची सगळी बॉलिंग पुसली.

बाळू १९५५ ला वारला. बापही आता नाही. भाचा डावखुरा आहे, स्टेशनच्या अंगालाच खेळतो. परवा त्याला बाळूचं सगळं सांगितलं, निवडणुकीसकट.