गढूळ पाणी आणि निवळीचे बी

मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात संन्याशाचे धर्म सांगताना स्मृतिकाराने एक मोठा व्यवहारी दृष्टांत दिला आहे. कतकाचे फळ पाणी स्वच्छ करते खरे, परंतु त्याचे नुसते नाव घेतल्याने पाणी निवळत नाही, असे तो म्हणतो. कतक म्हणजे आपली निवळी. सुश्रुतानेही पाणी निवळविणाऱ्या सात वस्तूंत तिची गणना केली आहे. गुण इतका जुना माहीत होता. त्याचे कारण मात्र अगदी अलीकडे हाती येऊ लागले.

श्रोतेहो, आषाढात मुरबाडची काळू नदी किंवा शहापूरची भातसा पाहिली, तर गढूळ पाणी म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही. हंड्यात भरलेल्या त्या पाण्यातील वाळू घटकाभरात खाली बसते. चिकणमातीचे बारीक कण मात्र दिवसेंदिवस तरंगत राहतात. प्रत्येक कणावर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात. तुरटीचे काम समजायला सोपे आहे. तिच्यातील अ‍ॅल्युमिनियमवर तिहेरी धनभार असतो. आयनावरील भार वाढला की त्याची साकळविण्याची शक्ती कितीतरी पटींनी वाढते, हे शुल्झने १८८२ मध्ये आणि हार्डीने १९०० मध्ये दाखविले होते. निवळीची गोष्ट मात्र चमत्कारिक आहे. भांड्याच्या आतल्या बाजूस बी घासले म्हणजे त्यातून लांबच लांब साखळीरेणू पाण्यात उतरतात, आणि तेही ऋणभारितच! मग ऋणाने ऋणाला धरावे कसे?

मध्यस्थाचा संशय पाण्यात विरघळलेल्या कॅल्शियमवर जातो. त्याच्यावर दुहेरी धनभार असतो. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. डिबाय आणि ह्युकेल यांनी १९२३ मध्ये मांडलेले गणित आयनांचा जणू एक सरासरी ढग कल्पून चालते. मिठाच्या विरळ पाण्यात ते छान लागू पडते. दुहेरी भाराचे आयन आले की अडखळते. साखळीवरील भार सुमारे सात अँगस्ट्रॉमपेक्षा जवळजवळ असतील, तर विरुद्ध भाराचे आयन तिला लगटूनच राहतात, असे मॅनिंगने १९६९ मध्ये दाखविले. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोट्यंश!

सरासरी सोडून एकेक आयन मोजायचा, तर माणसाचा हात पुरत नाही. १९५३ मध्ये अमेरिकेत लॉस अ‍ॅलामॉस येथे मेट्रोपोलिस व त्याच्या सहकाऱ्यांनी संगणकाला जणू फासे टाकायला लावले. एक कण किंचित हलवायचा. ऊर्जा घटली तर चाल मान्य, वाढली तर नशिबावर. अशा लक्षावधी चाली. बाँबच्या कारखान्यात जन्मलेली ही युक्ती पुढे हंड्यातील पाण्याच्या उपयोगी पडली, हा इतिहासाचा एक विनोदच! मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये सुरू झाला.

खरा धक्का १९८४ चा. गुल्डब्रांड, यॉन्सन, वेनरस्ट्रम आणि लिन्से यांनी दोन ऋणभारित पृष्ठे आणि त्यांच्यामध्ये दुहेरी भाराचे आयन असे चित्र संगणकात उभे केले. जुने गणित म्हणे, ही पृष्ठे दूरच सरणार. पण ती जवळ ओढली गेली! आयन स्वैर पसरत नाहीत. एकमेकांना चुकवून जागा धरतात, आणि त्यातून ही ओढ निर्माण होते. निवळीच्या कोड्याला येथे पहिल्यांदा भक्कम आधार मिळाला, असे मला वाटते.

२००७ मध्ये कालिनिचेव्ह व कर्कपॅट्रिक यांनी कुजलेल्या पानांतून पाण्यात उतरणाऱ्या ऋणभारित द्रव्याचे असेच चित्र रेखाटले. कॅल्शियम त्या द्रव्याला जाऊन बिलगला. मॅग्नेशियमवरही तितकाच भार, पण तो आपल्याभोवतीचे पाण्याचे रेणू सोडीना. तानसाच्या रानात सागाची पाने कुजतात, तेथेही हाच प्रश्न आहे.

तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी देतो आणि तो शहापूर तालुक्यातच आहे. त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागत आली आहे. टँकर न आल्यास तळ गाठलेल्या विहिरीतला गढूळ हंडाच घरी येतो. निवळी त्यातली माती बसवील. पण पटकीचे जंतू त्या नितळ पाण्यातही राहू शकतात, म्हणून ते उकळावेच लागते.