लेथची कर्तन हत्यारे

लेथवर फिरणाऱ्या धातूच्या वस्तूतील नको असलेला भाग किसाच्या रूपाने काढून टाकणाऱ्या साधनास कर्तन हत्यार म्हणतात. हत्याराची धार कापावयाच्या धातूपेक्षा कठीण असावी लागते, कर्तनाच्या उष्णतेत ती कठिनता टिकावी लागते आणि धक्के सोसण्याइतका चिवटपणाही तिच्यात असावा लागतो. कठिनता वाढविली म्हणजे चिवटपणा सामान्यतः कमी होतो. या परस्परविरोधी गरजांचा मेळ घालण्याचे प्रयत्न म्हणजेच या हत्यारांचा इतिहास होय.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही हत्यारे साध्या कार्बनी पोलादाची असत. कारागीर ती तापवून व पाणी देऊन कठीण करी. सु. २५०° से. तापमानाच्या पुढे हे पोलाद मऊ पडत असल्याने कर्तनवेग फार कमी ठेवावा लागे. १८६८ मध्ये इंग्लंडमधील रॉबर्ट मशेट यांनी हवेत थंड होतानाच कठीण होणारे टंगस्टनयुक्त पोलाद तयार केले.

अमेरिकेत एफ्. डब्ल्यू. टेलर यांनी १८८० च्या सुमारास धातुकर्तनाचे प्रयोग सुरू केले. हत्यार चेरीसारख्या लाल रंगापेक्षा जास्त तापविल्यास निकामी होते, अशी तेव्हा समजूत होती. बेथलेहेम येथील पोलाद कारखान्यात टेलर व मॉन्सेल व्हाइट यांना १८९८ नंतरच्या प्रयोगांत याच्या उलट आढळले. टंगस्टन व क्रोमियम असलेले पोलाद वितळबिंदूच्या जवळपास तापवून कठीण केल्यास त्याची धार मंद लाल झाल्यावरही कापत राहते. हे द्रुतगती पोलाद १९०० मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात दाखविण्यात आले. त्याचा पुरा उपयोग करून घेण्यास तत्कालीन लेथ अपुरे पडल्याने अधिक भक्कम व शक्तिमान लेथ बांधावे लागले.

हत्यार, वेग व दर फेऱ्यास हत्याराची सरक यांची निवड बारा घटकांवर अवलंबून असते, असे टेलर यांनी १९०६ मध्ये मांडले. ती ठरविण्यासाठी कार्ल बार्थ यांच्या साहाय्याने खास सरकपट्ट्या तयार करण्यात आल्या. हत्यारे घासण्याचे कामही त्यांनी कारागिराकडून काढून हत्यारघराकडे सोपविले. उत्पादन वाढले, परंतु कारागिराने अनुभवाने घ्यावयाचे निर्णय कार्यालयात घेतले जाऊ लागले. टेलर यांच्या पद्धतीस कामगारांचा जो विरोध झाला, त्याचे हे एक कारण होते.

जर्मनीत ऑस्राम कंपनीला दिव्याच्या तंतूसाठी टंगस्टनाची तार ओढण्याच्या साच्यांत हिऱ्याऐवजी दुसरा पदार्थ हवा होता. त्या संशोधनात कार्ल श्रोटर यांनी टंगस्टन कार्बाइडाची पूड कोबाल्टाबरोबर दाबून व तापवून सांधली आणि १९२३ मध्ये त्याचे एकस्व घेतले. क्रुप कंपनीने हा पदार्थ ‘विडिया’, म्हणजे हिऱ्यासारखा, या नावाने विकला. प्रारंभी कार्बाइडाचा तुकडा पोलादी दांड्यावर पितळी झाळणीने बसवीत. पुढे तो स्क्रूने किंवा पकडीने बसविण्याची पद्धत आली. इन्सर्ट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या तुकड्याची एक धार बोथटली की तो फिरवून दुसरी वापरतात. धार पुन्हा लावावी लागत नाही. १९६९ च्या सुमारास टिटॅनियम कार्बाइडाचा पातळ लेप दिलेले इन्सर्ट बाजारात आले.

इन्सर्ट निवडताना प्रथम कापावयाचा धातू पाहतात. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात पोलादासाठी ‘पी’, अगंज पोलादासाठी ‘एम’ व बिडासाठी ‘के’ हे वर्ग आहेत. कोबाल्टाचे प्रमाण जास्त असल्यास तुकडा चिवट होतो, कमी असल्यास कठीण. म्हणून खंडित व धक्के देणाऱ्या कापासाठी पहिला, तर अखंड व जलद कापासाठी दुसरा प्रकार योग्य ठरतो. आकार व मापे सांकेतिक नावावरून कळतात, उदा., ‘सीएनएमजी १२०४०८’ मधील शेवटचे ०८ हे आकडे टोकाची त्रिज्या ०·८ मिमी. असल्याचे दर्शवितात. मोठ्या त्रिज्येमुळे टोक मजबूत होते, परंतु बारीक वस्तू थरथरू लागते.

सौम्य पोलाद कातताना द्रुतगती पोलादाचा वेग मिनिटास सु. ३० मी., तर लेपित कार्बाइडाचा २०० मी. किंवा अधिक असू शकतो. मात्र लेथ जुना, हलका वा मंद असेल, तर हा लाभ मिळत नाही. अशा लेथवर व विशेष आकाराची धार हवी असेल तेथे कारागिराने हाताने घासलेले द्रुतगती पोलादाचे हत्यार आजही वापरतात.