विद्यार्थ्यांच्या वाट्याला आलेले ग्रह

मंडळी, ग्रहमोहिमांचा इतिहास सांगताना आपण बहुधा रॉकेटं मोजतो आणि संचालकांची नावं घेतो. आज आम्ही जरा खालच्या पायरीवर बसलेल्यांकडे बघणार आहोत : पीएचडी करणारी, उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रयोगशाळेत येणारी मुलं. त्यांना मोहिमेत काम तरी कुठलं मिळतं? आमच्या मते, पुष्कळदा जे मोठ्यांना तातडीचं वाटत नाही ते.

१९६१ च्या उन्हाळ्यात मायकेल मिनोविच हा लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातला विद्यार्थी कॅलिफोर्नियातल्याच जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत, म्हणजे जेपीएलमध्ये, आला. ग्रहाजवळून जाणाऱ्या यानाचा मार्ग ग्रहाच्या गुरुत्वाकर्षणामुळे कसा वळतो, हे गणित त्याने धरलं. तोवर ही ओढ म्हणजे अडचण, दुरुस्त करायची गोष्ट, असाच सर्वसाधारण समज. मिनोविचने तिचंच इंधन केलं.

क्रिकेट बघणाऱ्यांना हे लगेच कळेल. स्थिर धरलेल्या बॅटवर आलेला चेंडू फार तर आला त्याच वेगाने परततो. बॅट पुढे येत असेल तर वेग वाढतो. ग्रह म्हणजे ती चालती बॅट, फक्त इथे टक्कर नाही, नुसतं वळवणं. ग्रहावरून पाहिलं तर यान आलं त्याच वेगाने गेलं. सूर्याच्या दृष्टीने मात्र वेग बदलला, आणि तेवढी ऊर्जा ग्रहाच्या प्रदक्षिणेतून, अगदी कणभर, वजा झाली. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं; 'कुणाच्या दृष्टीने?' हा प्रश्न इतका कामाला आलेला पाहून बरं वाटतं.

ऑगस्ट १९६१ मध्ये त्याचं टिपण तयार झालं. सुरुवातीला त्याकडे फारसं लक्ष गेलं नाही. पण विद्यापीठातला आयबीएम ७०९० हा मोठा संगणक त्याला वापरायला मिळाला, आणि त्यावर तो मार्गांमागून मार्ग काढत बसला.

श्रेयावरून पुढे वाद झाले. कोंद्रात्युक आणि त्सांदर या सोव्हिएत विचारवंतांनी ही कल्पना आधीच मांडली होती, आणि १९५९ साली लुना ३ ने चंद्राचा असा उपयोगही केला होता. मग शोध कुणाचा? आमचं मत असं : कल्पना जुनी खरी, पण शक्यता आणि तारखांसह मोजलेली वाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या गोष्टीचं मोठं श्रेय मिनोविचला द्यायला हवं.

१९६५ च्या उन्हाळ्यात गॅरी फ्लँड्रो आला, कॅलटेकचा संशोधक विद्यार्थी. त्याला मिळाले बाहेरचे ग्रह. मंगळाच्या धामधुमीत नेपच्यूनची घाई कुणाला? ग्रहांची स्थानं वर्षांनुसार आलेखावर मांडताना त्याच्या लक्षात आलं, की १९७० च्या दशकाच्या अखेरीस गुरू, शनी, युरेनस आणि नेपच्यून अशा जागी येतात, की एकच यान एकाच्या आधाराने दुसऱ्याकडे जाईल. नेपच्यूनपर्यंतचा तीस वर्षांचा प्रवास बारा वर्षांवर आला. असा योग सुमारे १७५ वर्षांनी येतो. म्हणजे मागच्या खेपेला इथे दुसरे बाजीराव वसईचा तह करत होते, आणि नेपच्यून तर अजून कुणी शोधलाही नव्हता!

मूळ 'ग्रँड टूर'ची भव्य योजना पैशांपायी बारगळली. मंजूर झाली ती गुरू-शनीपुरती मोहीम, पण अभियंत्यांनी पुढची वाट मोकळी ठेवली. २० ऑगस्ट १९७७ ला व्हॉयेजर २ सुटलं आणि २५ ऑगस्ट १९८९ ला नेपच्यूनजवळून गेलं.

अशी संधी पुढे मुद्दाम दिली जाऊ लागली. २००६ साली प्लूटोकडे निघालेल्या न्यू होरायझन्स यानावर धूळ मोजणारं एक उपकरण आहे. ते कोलोरॅडो विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी बनवलं. ग्रहमोहिमेवर गेलेलं विद्यार्थ्यांचं ते पहिलं उपकरण. प्लूटोचं नाव १९३० साली सुचवणाऱ्या अकरा वर्षांच्या व्हेनेशिया बर्नीचं नाव त्याला दिलं आहे.

यात एक पेच आहे. पदवी पाच-सहा वर्षांत संपते, यान मात्र प्लूटोला पोचलं २०१५ मध्ये. बनवणारी मुलं केव्हाच नोकरीला लागली; उपकरण नव्या मुलांच्या हाती येत गेलं. २०२४ साली त्याच्या नोंदींवरून निबंध आला. पृथ्वी-सूर्य अंतराच्या जवळजवळ साठपट दूर, जिथे धूळ विरळ व्हायला हवी होती, तिथे ती अपेक्षेपेक्षा जास्त सापडली. त्या निबंधाचा प्रमुख लेखक तिथलाच एक संशोधक विद्यार्थी होता.