यंत्रगृहाची तजवीज

फिलाडेल्फियाच्या मूर विद्यालयात फेब्रुवारी १९४६ मध्ये 'एनिॲक' हे गणनयंत्र जगापुढे आले, तेव्हा त्याच्या वेगाचे आणि मॉकली व एकर्ट या त्याच्या जनकांचे जे कौतुक झाले ते यथायोग्यच होते. परंतु ते यंत्र ज्या दालनात उभे होते त्या दालनाची तजवीज कोणत्या विचाराने झाली होती, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणी विचारला नाही आणि पुढेही क्वचितच विचारला गेला. सुमारे १८,००० निर्वात नलिका, ३० टनांच्या घरातले वजन, भिंतींच्या कडेने मांडलेली पुरुषभर उंचीहून मोठी ४० कपाटे आणि सुमारे १५० किलोवॉट विजेचा अखंड खप, असा तो संसार होता. प्रत्येक नलिकेच्या पोटात एक तार सतत तापलेली असे. त्या सर्व तारांची उष्णता बाहेर ओढून टाकण्यासाठी यंत्राला स्वतःचे मोठे पंखे जोडावे लागले होते, आणि ते बंद पडले असते तर जगातले सर्वांत वेगवान गणित काही मिनिटांत थांबले असते.

या एका दालनात पुढील पाऊणशे वर्षांचा सारा प्रश्न बीजरूपाने उपस्थित होता. गणनयंत्र विजेचे रूपांतर कोणत्याही दृश्य कार्यात करीत नाही. ते ओझे उचलीत नाही की चाक फिरवीत नाही, आणि म्हणून त्यात शिरलेली जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊनच बाहेर पडते. जितके किलोवॉट आत, तितक्याच किलोवॉटची उष्णता बाहेर, असा हा रोखठोक हिशेब आहे. ती उष्णता हटविणारी सामग्री, तसेच विजेचा खंड पडू नये म्हणून ठेवलेल्या विद्युत्घटांच्या रांगा, यांचे वजन शेवटी त्याच इमारतीच्या तुळयांवर व खांबांवर येते. वीज, शीतन आणि भार ही तीन निरनिराळ्या खात्यांची कामे मानून तीन निरनिराळ्या अधिकाऱ्यांकडे सोपविण्याची जी रीत कार्यालयांत रूढ झाली, तीच या धंद्यातील बहुतेक फजितीचे मूळ आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. जागा हा यंत्राचाच एक अवयव आहे. ज्यांनी हे ओळखले त्यांची यंत्रे सुरळीत चालली.

मोठ्या यंत्रांच्या जमान्यात हे ज्ञान व्यवस्थित दप्तरबंद झालेले होते. १९६४ साली जाहीर झालेल्या सिस्टिम/३६० या यंत्रमालिकेसाठी आयबीएम कंपनी ग्राहकांना जागेच्या आखणीची स्वतंत्र पुस्तिका देत असे. तीत प्रत्येक कपाटाचे वजन, त्यातून दर तासाला बाहेर पडणारी उष्णता, लागणारी हवा, विजेची जोडणी आणि दुरुस्तीसाठी दारापुढे सोडावयाची मोकळी जागा, हे सर्व इत्यंभूत नमूद असे. एक फुटास पाव इंच या प्रमाणात काढलेल्या दालनाच्या नकाशावर त्याच प्रमाणाच्या यंत्राकृती इकडून तिकडे सरकवीत आखणी करणारे अभियंते दिवसचे दिवस बसत. यंत्राचा पाया जमिनीपासून हात-दीड हात उंचावर घेऊन त्याखालून केबली आणि थंड हवा खेळविण्याची पद्धत, जिला आपल्याकडे या कामातली माणसे सरसकट 'फॉल्स फ्लोअर' म्हणतात, ती याच काळात स्थिरावली. दोन फूट लांबी-रुंदीच्या चौरस लाद्या, त्यांना खालून पोलादी टेकू, आणि जेथे हवा वर यावयाची तेथे भोके पाडलेली लादी, ही रचना आजही अनेक ठिकाणी जशीच्या तशी आढळते.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशी बुद्धीने घडविलेले 'टिफ्रॅक' हे यंत्र १९६० साली कार्यान्वित झाले. त्यात २,७०० च्या आसपास निर्वात नलिका होत्या, आणि मुख्य जुळणी सुमारे १८ फूट लांब, अडीच फूट रुंद व आठ फूट उंच अशा पोलादी सांगाड्यात बसविलेली होती. हा सांगाडा एकसंध नव्हता. चार-चार फुटांचे खण जोडून तो सिद्ध केला होता आणि दोन्ही अंगांना दारे ठेवली होती, जेणेकरून कोणत्याही मंडलापर्यंत हात पोहोचावा. आज ज्याला रॅक म्हणतात त्याची शिस्त या खणांत स्पष्ट दिसते. टेलिफोन-केंद्रांतून आलेली १९ इंच रुंदीची चौकट आणि तिच्यावर पावणेदोन इंचांच्या उंचीचे एकक, म्हणजे युनिट, हे माप तेव्हा बाहेरच्या जगात प्रचलित होतेच. पुढे तेच संगणकाच्या जगाचे सार्वत्रिक माप झाले.

या इतिहासातला सर्वांत सुंदर अध्याय मात्र सीमोर क्रे यांचा आहे. १९७६ साली लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत पोहोचलेले त्यांचे 'क्रे-१' यंत्र वरून पाहिले असता इंग्रजी सी अक्षरासारखे दिसे, आणि त्या वर्तुळाकार स्तंभाच्या पायथ्याशी गादी बसविलेले बाक होते. प्रेक्षकांना ती शोभा वाटे. वस्तुतः त्या बाकांच्या पोटात वीजपुरवठ्याची सामग्री दडविलेली होती, आणि स्तंभ वळविण्याचे कारण असे की तारांची लांबी कमीतकमी राहावी, कारण विजेच्या संकेतालाही एक फूट अंतर कापण्यास काळ लागतोच. मंडलांची दाटी इतकी केलेली होती की वाऱ्याने ती निवणे शक्य नव्हते. म्हणून प्रत्येक जोडपत्रीच्या मधोमध तांब्याचा पत्रा घालून त्यातील उष्णता कडेच्या ॲल्युमिनियमच्या उभ्या दांड्यांकडे नेली आणि त्या दांड्यांतून फ्रेऑन हा शीतक द्रव फिरविला. हे शीतन जमविणे गणिती मंडले जमविण्यापेक्षा कमी कठीण नव्हते. संपीडकातले वंगण फ्रेऑनमध्ये मिसळून जोडांतून झिरपे आणि मंडलांवर तेलाचा थर चढवून त्यांना निकामी करी. सांधे जोडण्याची नवी रीत शोधून काढीपर्यंत पहिले यंत्र महिनोन् महिने रखडले. सुमारे साडेपाच टन वजन आणि ११५ किलोवॉट वीज, शिवाय शीतनाचा खर्च निराळा. परंतु या यंत्रात वीज, शीतन आणि भार यांचा विचार पहिल्या रेखाटनापासून गणिताच्या विचाराबरोबरच झालेला होता, आणि म्हणूनच त्यातला एकही भाग मागाहून चिकटविल्यासारखा दिसत नाही.

आयबीएमनेही १९८० च्या ३०८१ या यंत्रात पाण्याचा आश्रय केला. शंभराहून अधिक चिपा एका हातात मावतील अशा पेटीत बसवून, प्रत्येक चिपेवर स्प्रिंगने दाबलेला धातूचा छोटा दट्ट्या टेकवून, भोवती हीलियम भरून, वरून थंड पाणी वाहते ठेवले. अशी एक पेटी ३०० वॉटपर्यंत उष्णता झेली. ज्या इमारतीत असे यंत्र येई तेथे नळकाम करणारा कारागीर विद्युत्-अभियंत्याच्या बरोबरीने बैठकीला बसे.

मग १९९० च्या दशकात विस्मरणाचे पर्व आले. जुन्या जातीच्या ट्रान्झिस्टरांची जागा अत्यल्प वीज खाणाऱ्या सीमॉस चिपांनी घेतली, मोठ्या यंत्रांचे पाण्याचे नळ काढून टाकले गेले, आणि त्याच वेळी टेबलावरच्या संगणकाच्या कुळातले स्वस्त सर्व्हर कार्यालयांत शिरले. कागदपत्रांच्या कपाटाशेजारी एखादा रॅक उभा करावा, खिडकीत दीड टनाचा एसी लावावा आणि काम भागावे, असे दिवस होते. मोठ्या यंत्रांची आखणी केलेली पिढी निवृत्त होत गेली आणि त्यांच्या पुस्तिका रद्दीत निघाल्या. आयबीएमचे रॉबर्ट सुलिव्हन यांनी त्या दशकाच्या आरंभी रॅकांच्या रांगा तोंडाला तोंड व पाठीला पाठ लावून मांडण्याचा, म्हणजे थंड हवेची गल्ली व तप्त हवेची गल्ली वेगळी करण्याचा जो साधा नियम सांगितला, तोही कित्येक ठिकाणी फार उशिरा अंमलात आला.

याचा जाब २००१ नंतरच्या दोन-तीन वर्षांत द्यावा लागला, आणि तो देण्यास कारण झाले ब्लेड सर्व्हर. आरएलएक्स या कंपनीने २००१ साली तीन युनिट उंचीच्या चौकटीत २४ पातळ सर्व्हर उभे बसवून दाखविले; पुढच्याच वर्षी आयबीएमचे 'ब्लेडसेंटर' आले, ज्याच्या सात युनिटांच्या चॅसिसमध्ये १४ सर्व्हर बसत. ४२ युनिटांच्या एका रॅकमध्ये अशा सहा चॅसिस, म्हणजे ८४ सर्व्हर, असे खरेदीखात्याने कागदावर मांडले की जागेची बचत पाहून सर्वांचे समाधान होई. या एका रॅकचा हिशेब येथे सविस्तर करून पाहणे युक्त होईल.

प्रथम भार. पूर्ण भरलेल्या एका चॅसिसचे वजन सुमारे १०९ किलो, सहांचे साडेसहाशे, त्यात रॅकचा सांगाडा, वीजपट्ट्या आणि केबली धरल्या की आठशे किलोंच्या आसपास बेरीज जाते. रॅकच्या पायाखाली जमीन असते ती पाऊण चौरस मीटरहूनही कमी, म्हणजे चौरस मीटरला हजार किलोंहून बराच अधिक भार पडतो. उलट साध्या कार्यालयाचा मजला भारतीय मानकाप्रमाणे अडीचशे ते चारशे किलोंसाठी आखलेला असतो. भोवतालच्या रिकाम्या गल्ल्यांमुळे हा भार काहीसा वाटला जातो हे खरे, परंतु त्यावर विसंबण्यापूर्वी इमारतीच्या संरचना-अभियंत्याची लेखी मान्यता हवी. शिवाय यंत्र उभे राहते तेथे जे घडते त्याहून बिकट प्रसंग ते नेताना येतो: लिफ्टची क्षमता, उंबरठ्याची पायरी, आणि चार लहान चाकांवर एकवटलेल्या ओझ्याखाली फॉल्स फ्लोअरची लादी. अनुभवी हमाल अशा वेळी वाटेवर जाड प्लायवुडच्या फळ्या अंथरल्यावाचून रॅकला हात लावीत नाहीत.

दुसरी वीज. एका चॅसिसला चार किलोवॉट धरले तरी रॅकला २४ किलोवॉट होतात. ४१५ व्होल्टच्या तीन फेजांवर प्रत्येकी सुमारे ३३ अँपिअर. पुरवठ्याच्या दोन स्वतंत्र वाहिन्या असतील तर, एक तुटल्यावर सगळा भार दुसरीने उचलावयाचा असल्यामुळे, दोन्ही पूर्ण भाराच्या क्षमतेच्या हव्यात आणि एरवी त्या निम्म्यानेच वापरल्या पाहिजेत. येथे नवखा माणूस दोन्हीकडून फसतो: यंत्राच्या पट्टीवर छापलेला कमाल आकडा धरून चालला तर निम्मी खोली रिकामी राहते, आणि मीटरवर दिसणारी सरासरी धरून चालला तर वीज जाऊन परत येताना सर्व यंत्रे एकदम सुरू होतात व ब्रेकर पडतो.

तिसरे शीतन. २४ किलोवॉट म्हणजे जवळजवळ सात टनांचे शीतन, आणि हवा अकरा अंशांनी तापू द्यावयाची ठरविली तर दर सेकंदाला सुमारे १.८ घनमीटर थंड हवा रॅकच्या तोंडाशी पोहोचावी लागते. भोकांच्या एका लादीतून सामान्यतः पाव घनमीटरच्या आसपास हवा वर येते. म्हणजे त्या एका रॅकला सात-आठ लाद्या हव्यात, आणि त्याच्यापुढे जागा असते एका किंवा दोन लाद्यांची. उरलेली हवा रॅक आपल्याच पाठीमागची, एकदा तापलेली, माथ्यावरून ओढून घेतो. त्यामुळे तळचे सर्व्हर गार आणि वरचे ताप भरल्यासारखे, असे चित्र त्या काळी नित्याचे झाले. वीज गेली की यूपीएस सर्व्हरांना जिवंत ठेवी, परंतु शीतनाची यंत्रे, म्हणजे चिलर, यूपीएसवर नसत. जनरेटर सुरू होऊन चिलर पूर्ववत होईपर्यंतच्या थोड्या मिनिटांतही दाट रॅकचे तापमान धोक्याच्या रेषेपलीकडे जाई.

म्हणून पाणी परत आले. आयबीएमने २००८ साली पॉवर ५७५ या यंत्रात प्रक्रियकांच्या अंगाशी पुन्हा नळ नेले. पुण्यात पाषाण येथील उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत जानेवारी २०१८ मध्ये 'प्रत्युष' हा महासंगणक राष्ट्रार्पण झाला, तो क्रे यांच्याच नावाच्या कंपनीचा एक्ससी-४० जातीचा. त्यात हवा कपाटांच्या आडव्या रांगेतून एका टोकाकडून दुसरीकडे वाहते आणि प्रत्येक कपाटाच्या अंगाशी असलेल्या जलवेटोळ्यावरून जाताना निवून पुढच्या कपाटात शिरते. पुण्याच्याच आयसरमधील 'परम ब्रह्म' या यंत्रात सी-डॅकने द्रव थेट चिपेच्या पाठीवर नेला आहे. सी-डॅक ही संस्था १९८८ साली पुण्यात देशी यंत्रे घडविण्याच्या निर्धाराने स्थापन झाली, हे सर्वज्ञात आहे. यंत्र घडविण्याबरोबर यंत्रगृह घडविण्याचे जे कौशल्य तिने या शहरात रुजविले, त्याची मात्र पुरेशी नोंद घेतली गेलेली नाही, आणि ती घेतली जावी असे मला मनापासून वाटते.

२०२४ मध्ये एनव्हिडियाने जाहीर केलेल्या एनव्हीएल-७२ या एकाच रॅकचा विजेचा खप १२० किलोवॉटच्या घरात आणि वजन सुमारे १,३६० किलो आहे. क्रे-१ चा संपूर्ण स्तंभ जेवढी वीज घेई तेवढी आता दोन फूट रुंदीच्या एका कपाटात मागितली जाते. ऐरोली, रबाळे, महापे या ठाणे-बेलापूर पट्ट्यात, जेथे एके काळी रासायनिक कारखान्यांची धुराडी होती, तेथे आज अशा रॅकांसाठी इमारती उठत आहेत, आणि त्यांच्या आखणीत मुंबईच्या हवेचा विचार अटळ आहे. पावसाळ्यात येथील बाहेरच्या हवेचा दवबिंदू पंचवीस अंशांच्या आसपास राहतो. अशी दमट हवा दालनात शिरली आणि नळातले पाणी त्याहून थंड असले, तर नळाच्या अंगावर घाम सुटून थेंब विद्युत्-मंडलांवर ओघळतात. यावर उपाय म्हणजे पाणी मुद्दाम कोमट ठेवणे. म्युनिकजवळ गार्खिंग येथील 'सुपरएमयूसी' या यंत्राने २०१२ सालीच चाळीस अंशांच्या आसपासच्या पाण्यावर काम करून दाखविले होते. चिप त्याहूनही पुष्कळ अधिक तापलेली असते, म्हणून तिला हे पाणी पुरेसे गार असते. असे पाणी मुंबईत घेतल्यास घाम सुटण्याचा प्रश्न उरत नाही, आणि बाहेरचा पारा पस्तीसच्या खाली असेल तितका काळ चिलर न चालविता केवळ गच्चीवरच्या पंख्यांनी ते निवविता येते. मात्र यासाठी नळाचा व्यास, स्लॅबची जाडी आणि उपकेंद्रापासूनच्या वाहिनीची क्षमता, हे तिन्ही आकडे पाया खणण्यापूर्वी एकाच कागदावर यावे लागतात.